आठ इनपुटांचा रिअल-टाइम कोरिलेटर: कागदावरच्या हिशेबापासून चौसष्ट इनपुटांपर्यंत

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेनातून दोन ध्रुवीकरणांचे दोन सिग्नल येतात, म्हणजे एकूण ६० इनपुट. अद्ययावत झाल्यापासून तिथे एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा हाताळला जातो. इतका पट्टा पकडायला प्रत्येक इनपुटवर सेकंदाला ८० कोटी सॅम्पल लागतात. सॅम्पल ८ बिटांचा धरला तर एकूण ३८४ गिगाबिट प्रति सेकंद होतात. हे सगळं डिस्कवर ओतून नंतर सावकाश बघू, अशी सोयच नाही. डेटा येतो त्याच वेगाने त्याचा वर्णपट काढायचा, प्रत्येक जोडीचा गुणाकार करायचा, बेरीज साठवायची आणि मूळ सॅम्पल सोडून द्यायचे. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात. जीएमआरटीत हे काम एफपीजीएचे (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपचे) बोर्ड आणि जीपीयू (एकाच वेळी हजारो हिशेब करणारे ग्राफिक्स प्रोसेसर) बसवलेले सर्व्हर मिळून करतात.

हा लेख त्याच जातीची छोटी यंत्रणा उभारणाऱ्यांसाठी आहे: चार अँटेना, आठ इनपुट, १०० मेगाहर्ट्झ पट्टा. पुढे ती मोडतोड न करता चौसष्ट इनपुटांपर्यंत वाढवता आली पाहिजे. रडार, सोनार किंवा अनेक मायक्रोफोनांच्या मांडणीतही बरेचसे टप्पे हेच राहतात, फक्त आकडे बदलतात. नवखी मंडळी सहसा जीपीयू किती टेराफ्लॉपचा (सेकंदाला किती लाख कोटी क्रियांचा) घ्यायचा इथून सुरुवात करतात. तो प्रश्न शेवटून दुसरा. अशी यंत्रणा अडते ती गुणाकारांवर क्वचितच. अडते ती डेटा एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना. म्हणून पुढची बरीचशी चर्चा वाहतुकीची आहे.

पायरी १: आधी कागद

पाच आकडे काढल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

पहिला, आवक. १०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला २० कोटी सॅम्पल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे इनपुटमागे १.६ गिगाबिट. आठ इनपुटांचे १२.८ गिगाबिट, अर्थात १.६ गिगाबाइट प्रति सेकंद.

दुसरा, वर्णपट काढण्याचा खर्च. ४०९६ सॅम्पलांचा एफएफटी (वर्णपट झटपट काढण्याची पद्धत) धरला तर वास्तव संख्यांसाठी सॅम्पलमागे साधारण ३० क्रिया होतात. त्याआधी ८ टॅपचा पॉलिफेज फिल्टर, म्हणजे लागोपाठचे ८ तुकडे मिसळून चॅनल एकमेकांत सांडू न देणारी चाळणी, लावायचा, त्याच्या १६. मिळून ४६. सेकंदाला १६० कोटी सॅम्पल आहेत, म्हणजे सुमारे ७४ गिगाफ्लॉप (सेकंदाला ७४ अब्ज क्रिया).

तिसरा, जोड्यांचे गुणाकार. इनपुटांची संख्या न असेल तर स्वतःशी जोडी धरून न × (न + १) ÷ २ जोड्या होतात. आठ इनपुटांच्या ३६. प्रत्येक जोडीला १०० मेगाहर्ट्झच्या वेगाने एक कॉम्प्लेक्स गुणाकार आणि बेरीज, त्याच्या ८ क्रिया. एकूण २८.८ गिगाफ्लॉप.

दोन्ही मिळून शंभरेक गिगाफ्लॉप. मध्यम किमतीच्या आजच्या जीपीयूची क्षमता कित्येक हजार गिगाफ्लॉप असते. म्हणजे गणिताची चिंता इथेच संपली.

चौथा, मेमरीची वर्दळ. सर्व्हरमध्ये प्रत्येक बाइट चार वेळा हलतो: नेटवर्क कार्ड तो मेमरीत लिहितं, सीपीयू वाचतो, रिंग बफरमध्ये (गोल फिरत पुन्हा वापरल्या जाणाऱ्या राखीव जागेत) परत लिहितो आणि तिथून जीपीयू उचलतो. १.६ चे ६.४ गिगाबाइट झाले. दोन चॅनलच्या डीडीआर४-३२०० मेमरीची कागदावरची मर्यादा ५१.२ आहे, त्यामुळे चालेल. पण हेच काम चौपट केलं तर मेमरीची एकच पट्टी लावलेला सर्व्हर इथेच गुडघे टेकतो.

पाचवा, जावक. ४०९६ सॅम्पलांच्या एफएफटीतून २०४८ वारंवारता चॅनल वापरायचे. ३६ जोड्या, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एका साठवणीला (ठरावीक काळाच्या जमा बेरजेला) ५,८९,८२४ बाइट. ०.६७ सेकंदाला एक साठवण काढली तर सेकंदाला एक मेगाबाइटही होत नाही. डिस्कची काळजी नको. मात्र कच्चे सॅम्पलही ठेवायचे मनात असेल तर ते आत्ताच ठरवा, कारण त्याने डिस्क, मेमरी आणि मदरबोर्ड तिन्ही बदलतात.

पायरी २: काम कुठे चिरायचं

समांतर यंत्रणा वाढवता येईल की नाही, हे या एका निर्णयावर ठरतं. काम तीन दिशांनी चिरता येतं: इनपुटनुसार, वारंवारतेनुसार किंवा काळाच्या तुकड्यांनुसार. वर्णपट काढताना प्रत्येक इनपुट स्वतंत्र असतो, दुसऱ्याचं काही लागत नाही. जोड्यांच्या गुणाकारात उलट असतं: प्रत्येक वारंवारता स्वतंत्र, पण त्या वारंवारतेचे सगळे इनपुट एका जागी हवेत. म्हणून पहिला टप्पा इनपुटनुसार, दुसरा वारंवारतेनुसार आणि मधोमध मोठी अदलाबदल. या अदलाबदलीला कॉर्नर टर्न म्हणतात. बोर्डाच्या परीक्षेत प्रत्येक केंद्रावरून सगळ्या विषयांच्या उत्तरपत्रिका येतात, पण गणिताच्या परीक्षकाला सगळ्या केंद्रांचे फक्त गणिताचे पेपर हवे असतात. तीच गोष्ट, फक्त इथे गठ्ठे सेकंदाला हजारो वेळा फोडून लावायचे असतात.

ही अदलाबदल बाजारात मिळणाऱ्या साध्या इथरनेट स्विचकडून करून घ्यायची, हा विचार कॅस्पर या खुल्या सहकार्य-गटाने रेडिओ खगोलशास्त्रात रुजवला. त्याआधी असं काम खास घडवलेल्या बॅकप्लेनवर (बोर्ड एकमेकांना जोडणाऱ्या पाटीवर) होई, आणि दोन अँटेना वाढवायच्या तर बॅकप्लेनच नवा लागे. स्विच असला की पोर्ट वाढवता येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटच्या ६४ अँटेनांचा डेटाही इथरनेट स्विचमधूनच वाटला जातो.

आठ इनपुटांसाठी खरं तर एकच सर्व्हर पुरतो आणि अदलाबदल जीपीयूच्या मेमरीत होते. तरीही सॉफ्टवेअर लिहिताना दोन्ही टप्पे वेगळे ठेवा. मधल्या सीमेवर डेटाचा क्रम नक्की ठरवून द्या: कोणता चॅनल, कोणती वेळ, कोणता इनपुट. ही शिस्त पहिल्या दिवशी पाळली नाही, तर चौसष्टला जाताना सगळा कोड नव्याने लिहावा लागतो.

पायरी ३: कोणतं काम कोणाकडे

एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपला) चिकटलेलं काम एफपीजीएला द्या: सॅम्पल पकडणं, वेळ मोजणं, पॅकेट बांधणं. एफपीजीए घड्याळाच्या ठोक्यानुसार चालतो, त्याला उशीर होत नाही. पण त्याच्यावर नवा विचार करून बघायचा तर कंपायलेशनला तास-तास जातात. ज्या गोष्टी तुम्ही बदलत राहणार, म्हणजे फिल्टर, चॅनलांची संख्या, नको असलेल्या सिग्नलांची छाटणी, त्या जीपीयूवर ठेवा. सीपीयूने फक्त पॅकेट उचलून योग्य जागी ठेवावीत. शिकणाऱ्यांच्या संचासाठी हीच वाटणी आम्हाला योग्य वाटते.

बोर्ड निवडताना एडीसीच्या वेगाइतकंच बाहेर पडणाऱ्या वाटेकडे बघा. रेड पिटाया १२५-१४ हा शिकायला उत्तम बोर्ड: दोन इनपुट, १४ बिट, सेकंदाला १२.५ कोटी सॅम्पल. पण त्याचे कच्चे सॅम्पल ३.५ गिगाबिट होतात आणि बाहेर पडायला १ गिगाबिटचं पोर्ट. त्यामुळे बोर्डातच पट्टा अरुंद करावा लागतो. आपल्याला हवेत चार इनपुटांचे दोन बोर्ड, प्रत्येकावर १० गिगाबिटचं एसएफपी+ (वेगवान नेटवर्कचं) पोर्ट. चार इनपुटांचे ६.४ गिगाबिट त्यात आरामात मावतात. सहा इनपुट कोंबले तर ९.६ होतात. कागदावर तेही बसतात, पण कोणतीही तार ८० टक्क्यांच्या वर भरू नका.

सर्व्हरमध्ये दोन पोर्टचं १० गिगाबिट कार्ड, ८ जीबी मेमरीचा जीपीयू आणि मेमरीच्या जुळ्या पट्ट्या असं पुरे. मदरबोर्डची माहितीपुस्तिका मात्र नीट वाचा. दिसायला पूर्ण लांबीचा दुसरा स्लॉट पुष्कळदा आतून चारच लेनचा (डेटाच्या मार्गिकांचा) असतो, आणि त्या लेनही चिपसेटमधून वळसा घेऊन येतात. जीपीयू आणि नेटवर्क कार्ड दोन्ही थेट सीपीयूच्या लेनवर हवेत. दोन सीपीयूंचा सर्व्हर असेल तर दोन्ही कार्डं एकाच सीपीयूच्या बाजूला बसवा, नाहीतर प्रत्येक बाइट दोन सीपीयूंमधल्या दुव्यावरून जातो.

एडीसी अजून हातात नसला तरी थांबू नका. दोन संगणक, दोन १० गिगाबिट कार्डं आणि मीटरभर लांबीची थेट जोडायची तांब्याची एसएफपी+ केबल घ्या. एका संगणकावरून खोटी पॅकेट सोडा, दुसऱ्यावर पकडा. पायरी ५ ते ७ मधलं बहुतेक सगळं असं शिकता येतं.

पायरी ४: एकच घड्याळ

सगळ्या एडीसींना क्लॉक एकाच स्रोतातून गेलं पाहिजे. जीपीएसने शिस्त लावलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आणि सेकंदाला एक पल्स देणारं आउटपुट घ्या, स्प्लिटरने वाटा आणि प्रत्येक बोर्डाकडे जाणाऱ्या केबल समान लांबीच्या कापा. सेकंदाला २० कोटी सॅम्पल म्हणजे एक सॅम्पल ५ नॅनोसेकंदांचा. नेहमीच्या कोअॅक्स केबलमध्ये तेवढ्यात सिग्नल साधारण एक मीटर जातो. केबलींच्या लांबीत मीटरभर फरक राहिला तर पूर्ण एका सॅम्पलची चूक झाली.

बोर्ड एकत्र सुरू करण्यात बहुतेकांची पहिली फसगत होते. प्रत्येक बोर्डाला ‘पुढच्या पल्सला मोजणी शून्यावरून सुरू कर’ असा हुकूम नेटवर्कवरून जातो. तो पल्सच्या अगदी जवळ गेला तर एका बोर्डाला या पल्सआधी मिळतो आणि दुसऱ्याला नंतर. मग दोघांत पूर्ण एका सेकंदाचा फरक पडतो, कोरिलेशन (दोन सिग्नलांमधलं साम्य) शून्य येतं आणि माणूस दिवसभर केबल तपासत बसतो. उपाय सोपा आहे: पल्स येऊन गेल्यावर साधारण अर्ध्या सेकंदाने हुकूम सोडा.

एडीसीला सिग्नल किती द्यायचा, हेही इथेच ठरवा. ८ बिटांच्या एडीसीवर गोंगाटाचं आरएमएस मूल्य (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) २० पायऱ्यांच्या आसपास ठेवा. वरची मर्यादा १२७ असल्याने सहापट मोकळीक उरते, आणि मोबाईल टॉवर किंवा विमानाचा जोरदार सिग्नल आला तरी एडीसी लगेच छाटत नाही.

पायरी ५: पॅकेट

एका पॅकेटमध्ये ८१९२ बाइट सॅम्पल आणि १६ बाइटांचं हेडर ठेवा. हेडरमध्ये ६४ बिटांचा सॅम्पल-क्रमांक, बोर्डाचा क्रमांक आणि इनपुट किंवा चॅनलचा क्रमांक. सॅम्पल-क्रमांक ३२ बिटांचा ठेवण्याचा मोह टाळा, कारण या वेगाला तो साडेएकवीस सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. बाइटांचा क्रम, मोठं टोक आधी की छोटं, लेखी ठरवा. एफपीजीए आणि इंटेलचा सीपीयू यांचं यावर सहसा जमत नाही.

पॅकेट मोठं ठेवण्यामागे कारण आहे. ८१९२ बाइटांची पॅकेट एका तारेवर सेकंदाला सुमारे ९८ हजार येतात. नेहमीच्या १५०० बाइटांच्या मर्यादेत तीच साधारण साडेपाच लाख होतात, आणि सीपीयूला दर पॅकेटमागे ठरावीक कष्ट पडतातच. म्हणून कार्डावर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ९००० करा आणि स्विचवरही मोठ्या फ्रेमना परवानगी द्या. स्विचवर द्यायची राहिली तर तो मोठी पॅकेट चुपचाप टाकून देतो, कुठेही त्रुटी दाखवत नाही.

यूडीपीमध्ये, म्हणजे पोच न मागता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीत, हरवलेलं पॅकेट परत मिळत नाही आणि मागायचंही नाही. त्याची जागा शून्याने भरा आणि त्या काळात खरे सॅम्पल किती आले ते वेगळं मोजून सरासरीत वापरा. ‘आलं ते एकापाठोपाठ ठेवत जा’ असा कोड मात्र कधीही लिहू नका. एक पॅकेट हरवलं की पुढचा सगळा डेटा सरकतो, आणि तो इनपुट बाकीच्यांशी पुन्हा कधीच जुळत नाही.

पायरी ६: पॅकेट पकडणारा सर्व्हर

लिनक्सची मूळ सेटिंग्ज वेब सर्व्हरसाठी ठीक आहेत, या कामाला नाहीत. यूडीपी सॉकेटच्या बफरची कमाल मर्यादा मुळात २,१२,९९२ बाइट असते. एका तारेवर सेकंदाला ८० कोटी बाइट येत असताना ही जागा पाव मिलिसेकंदात भरते. ती निदान २५६ मेगाबाइट करा आणि कोडमध्येही तेवढीच मागा. नुसती मर्यादा वाढवून बफर वाढत नाही. कार्डाची स्वतःची रिसीव्ह रिंगही ‘इथटूल’ने कमाल आकड्यावर न्या.

मग सीपीयूचे कोअर वाटून टाका. कार्डाच्या इंटरप्टसाठी (पॅकेट आल्याची वर्दी घेण्यासाठी) एक कोअर, पॅकेट उचलणाऱ्या थ्रेडसाठी त्याच सीपीयूवरचा दुसरा, जीपीयू हाकणाऱ्या थ्रेडसाठी तिसरा. दोन तारा असतील तर पहिले दोन दुप्पट. थ्रेड त्या त्या कोअरला बांधा, नाहीतर लिनक्स ते इकडून तिकडे हलवत राहतं. वीज वाचवण्यासाठी वेग कमी करणारी सोय बंद करून ‘परफॉर्मन्स’ हे सेटिंग लावा आणि गाढ झोपेच्या सी-स्टेटही बंद करा. झोपलेला कोअर जागा होईपर्यंत पॅकेटांची रांग लागलेली असते.

रिंग बफरचा आकार असा धरा: एका ब्लॉकमध्ये प्रत्येक इनपुटचे ४०९६ गुणिले ४०९६ सॅम्पल. म्हणजे इनपुटमागे १६ मेगाबाइट, आठ इनपुटांचे १२८, आणि काळात ८४ मिलिसेकंद. असे आठ ब्लॉक, एकूण १ गिगाबाइट. मधेच कुठे अडखळलं तर अर्ध्या सेकंदाहून जास्त श्वास मिळतो. ही यंत्रणा स्वतः लिहायची गरज नाही. हॅशपाइप आणि पीएसआरडाडा ही खुली सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात.

पॅकेट गळत असतील तर ती कुठे गळतात ते आधी ठरवा, कारण तीन ठिकाणांचे उपाय तीन. कार्डाच्या आकडेवारीत गळती दिसली तर रिसीव्ह रिंग लहान आहे किंवा इंटरप्टचा कोअर दमलाय. सॉकेटच्या आकडेवारीत दिसली तर तुमचा थ्रेड वेळेत वाचत नाही. दोन्हीकडे शून्य आणि तरी क्रमांकांत खिंडारं असतील तर दोष स्विचमध्ये किंवा बोर्डात. चौथाही एक प्रकार आहे: ‘टीसीपीडम्प’मध्ये (येणारी पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पॅकेट दिसतात, पण प्रोग्रामला एकही मिळत नाही. तिथे फायरवॉल बघा. तो निर्दोष निघाला तर लिनक्सची परतवाट-तपासणी बघा: बोर्डाचा आयपी पत्ता कार्डाच्या सबनेटमध्ये नसला की ती पॅकेट परस्पर टाकून देते.

पायरी ७: जीपीयू

एका ब्लॉकला ८४ मिलिसेकंद आहेत. आपलं सगळं काम ५० मध्ये संपलं पाहिजे. सरासरी नव्हे, हजारो ब्लॉकांमधला सर्वांत वाईट आकडा धरा. सरासरी ४० आणि मधेच एखादा ३०० असेल, तर रिंग बफर तो झटका सोसतो; असे तीन-चार लागोपाठ आले की डेटा गेला.

कामाचा क्रम असा: ८ बिटांचे सॅम्पल जीपीयूवर चढवा, दशांश रूपात आणा, पॉलिफेज फिल्टर, एफएफटी, क्रमबदल, गुणाकार आणि बेरीज. चढवताना होस्टची (सर्व्हरची) मेमरी पिन केलेली, म्हणजे जागेवरून न हलणारी, हवी. साध्या मेमरीतून वेग निम्म्यावर येऊ शकतो, आणि चढवणं व गणित एकाच वेळी चालत नाही. दोन-तीन स्ट्रीम (कामांच्या स्वतंत्र रांगा) ठेवा, म्हणजे एक ब्लॉक चढत असताना आधीच्यावर काम चालू राहतं.

एफएफटीचा आराखडा सुरुवातीला एकदाच बनवा आणि एका ब्लॉकचे सगळे ३२,७६८ एफएफटी एकाच हाकेत (फंक्शन कॉलमध्ये) करून घ्या. चालू लूपमध्ये मेमरी मागू नका. तेवढ्यासाठी जीपीयू सगळं काम थांबवू शकतो. सुरुवातीच्या हाकाही नेहमी सावकाश असतात, म्हणून पॅकेट सुरू होण्याआधी दोन-चार खोटे ब्लॉक चालवून जीपीयू तापवून घ्या.

पॉलिफेज फिल्टरला मागच्या ब्लॉकच्या शेपटीतले ७ गुणिले ४०९६ सॅम्पल लागतात. ते पुढे न्यायला विसरलात तर प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाशी शिवण पडते, आणि वर्णपटात दर ८४ मिलिसेकंदांनी हलकासा धक्का दिसतो. मजबूत सिग्नल नसेल तर तो महिनोन्महिने लक्षातही येत नाही.

जीपीयूच्या मेमरीतली ये-जाही मोजा. प्रत्येक टप्पा वेगळा लिहिला तर सॅम्पलमागे ३३ बाइट हलतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ गिगाबाइट. दशांश रूपांतर फिल्टरच्याच कर्नलमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) घातलं की ८ बाइटांची बचत होते. आठ इनपुटांना याने काही बिघडत नाही, पण सवय आत्ताच लावलेली बरी. गुणाकारांसाठी ‘एक्सजीपीयू’ हा खुला कोड आहे. टेन्सर कोअर (मॅट्रिक्सच्या गुणाकाराचे खास भाग) असलेल्या कार्डांसाठी नेदरलँड्सच्या अॅस्ट्रॉन संस्थेचा टेन्सर-कोअर कोरिलेटर आहे. आठ इनपुटांसाठी स्वतः लिहिलेला साधा कर्नलही पुरतो, आणि शिकण्यासाठी आधी तोच लिहावा.

उष्णतेकडे दुर्लक्ष नको. तापलेला जीपीयू आपणहून वेग उतरवतो, त्यामुळे सकाळी ४५ मिलिसेकंदांत होणारं काम एप्रिल-मेच्या दुपारी ७५ वर जातं. वेग आधीच थोडा कमी ठरवून कुलूपबंद केला तर आकडे दिवसभर स्थिर राहतात. आणि ही सगळी यंत्रणा स्वतः रेडिओ गोंगाट करते; अँटेना जवळ असतील तर धातूच्या बंद कपाटाला किंवा शिल्ड केलेल्या खोलीला पर्याय नाही.

पायरी ८: चाचण्या, याच क्रमाने

प्रथम बोर्डातून सॅम्पलांऐवजी चढता आकडा सोडा आणि सर्व्हरवर प्रत्येक बाइट जुळवा. एक तास, शून्य चूक.

मग सिग्नल जनरेटरवरून एकच सूर द्या. तो अपेक्षित चॅनलमध्ये दिसला पाहिजे. एक चॅनल ४८.८ किलोहर्ट्झचा, त्यामुळे २० मेगाहर्ट्झचा सूर चॅनल ४०९ आणि ४१० यांच्या दरम्यान येईल. तो आरशासारखा उलट बाजूला दिसला तर वारंवारतांचा क्रम उलटलेला आहे.

तिसरी चाचणी सगळ्यांत मोलाची. एकाच नॉइज सोर्सचा सिग्नल स्प्लिटरने आठही इनपुटांना द्या आणि प्रत्येक जोडीचा फेज (दोन लहरींमधला कोनातला फरक) चॅनलांनुसार काढा. रेघ आडवी आली पाहिजे. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती १८० अंश चढली तर बरोबर एका सॅम्पलची चूक आहे. ९० चढली तर अर्ध्या सॅम्पलची, म्हणजे बहुधा केबलची. उतारावरून दोष ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं.

चौथीत प्रत्येक इनपुटला वेगळा नॉइज सोर्स द्या किंवा ५० ओहमचं टर्मिनेशन लावा. आता जोड्यांचं कोरिलेशन शून्याकडे यायला हवं. आठ ब्लॉकांच्या साठवणीत प्रत्येक चॅनलमध्ये ३२,७६८ वर्णपट जमा होतात, त्यांचं वर्गमूळ १८१. म्हणून उरलेलं कोरिलेशन ०.५५ टक्क्याच्या आसपास भिरभिरेल. साठवण चौपट लांबवली की ते निम्मं झालं पाहिजे. एखाद्या जोडीत ते एका पातळीला येऊन अडलं तर दोन इनपुटांमध्ये गळती आहे. आधी एकाच बोर्डावरचे शेजारी इनपुट तपासा.

शेवटी सलग २४ तास चालवा आणि हरवलेल्या पॅकेटांचा आलेख वेळेनुसार काढा. एकूण आकड्याने काही कळत नाही. दर तासाला त्याच मिनिटाला गळत असेल तर एखादं नियोजित काम सर्व्हरवर जागं होतंय.

पायरी ९: चौसष्टकडे

इनपुट वाढले की वर्णपटाचा खर्च सरळ पटीत वाढतो, जोड्यांचा जवळजवळ वर्गाने. आपल्या आकड्यांत २२ इनपुटांना दोन्ही सारखे होतात. चौसष्टला जोड्या २०८०, त्यांचे १.६६ टेराफ्लॉप, वर्णपटाचे ०.५९. गणित अजूनही आवाक्यात आहे. पण आवक आता १०२.४ गिगाबिट झाली आणि ती एका सर्व्हरच्या दारातून आत येत नाही.

इथे एफएफटी एफपीजीएवर न्या आणि प्रत्येक चॅनलचं मूल्य ४ अधिक ४ बिटांत कापा. सगळ्यांचे मिळून ५१.२ गिगाबिट उरतात. आठ सर्व्हरना पट्ट्याचा एक-एक अष्टमांश वाटला की प्रत्येकाकडे ६.४ गिगाबिट येतात, म्हणजे जुनी १० गिगाबिट कार्डं तशीच चालतात. ४ बिटांनी संवेदनशीलता फक्त एखाद टक्क्याने घटते. २ बिटांनी ती सुमारे १२ टक्के घटली असती. अट एकच: कापण्याआधी प्रत्येक चॅनलची पातळी अशी लावा, की आरएमएस साधारण तीन पायऱ्यांचं राहील. पट्ट्याच्या कडांना फिल्टर उतरतो, त्यामुळे सगळ्या चॅनलांना एकच गुणक चालत नाही. कॅनडात पेंटिक्टनजवळच्या चाइम दुर्बिणीत हीच रचना मोठ्या प्रमाणावर आहे: २०४८ इनपुट, १०२४ चॅनल, वर्णपट एफपीजीएवर, आणि २५६ जीपीयू-सर्व्हरांपैकी प्रत्येकाकडे ४ चॅनल.

स्विचचे तीन त्रास ठरलेले आहेत. सोळा बोर्ड एका ठोक्याला चालतात, त्यामुळे सगळे एकदमच पहिल्या सर्व्हरकडे पॅकेट सोडतात, मग सगळे दुसऱ्याकडे. सरासरी भार कमी असूनही त्या पोर्टचा बफर फुटतो. बोर्ड क्रमांक १ ने सर्व्हर १ पासून, २ ने २ पासून सुरुवात करावी, असा क्रम फिरता ठेवा. दुसरा त्रास असा, की सर्व्हर फक्त ऐकतात, बोलत नाहीत. बऱ्याच स्विचमध्ये ३०० सेकंद कोणी बोललं नाही तर त्याचा मॅक पत्ता (कार्डाची नेटवर्कवरची ओळख) विसरला जातो, आणि त्याची पॅकेट सगळ्या पोर्टांवर उधळली जातात. यंत्रणा पाच मिनिटं सुरळीत चालते आणि मग कोसळते. स्विचमध्ये मॅक पत्ते कायमचे लिहून ठेवा किंवा प्रत्येक सर्व्हरने मिनिटाला एक पॅकेट पाठवावं. तिसरा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा. नाहीतर एक दमलेला सर्व्हर ‘थांबा’ म्हणतो आणि स्विच सगळ्या बोर्डांना थोपवतो, तर एफपीजीएला थांबताच येत नाही.

आठांपैकी एक सर्व्हर बंद पडला तर पट्ट्याचा आठवा भाग जाईल, बाकीचे सात चालत राहिले पाहिजेत. त्यासाठी कोणत्याही सर्व्हरने दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहता कामा नये, आणि एकत्र जुळवणाऱ्या प्रोग्रामने ठरलेल्या वेळेनंतर रिकामा भाग तसाच लिहून पुढे जावं. नववा सर्व्हर जुळणी करून, केबल लावून तयार ठेवा. चाचणी म्हणून चालू निरीक्षणात एकाची वीज काढा, त्याच्या वाट्याच्या पॅकेटांचा पत्ता बोर्डांमध्ये बदलून नवव्याला द्या आणि पट्टा पुन्हा पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा.